सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?

…नाही, पण मला सांगा, एवढं मोठं यंत्र, डोळ्याचं पातं लवायच्या आत कुठले कुठले हिशोब करणारं, आणि त्याला स्वतःच्या पोटात कुठली वस्तू कुठे ठेवायची एवढं ठरवता येऊ नये? मला विचारतं! मला! कुठे बसवू म्हणून! अरे बाबा, मी भूगोलाचा मास्तर. नदी कुठून निघते विचार, वारे कुठून कुठे वाहतात विचार, सांगतो. पण तुझ्या आत काय आहे हे मला काय माहीत? तुझं तुला माहीत नाही, तर मला कसं असणार? पण नाही. पडद्यावर चौकट आली, चौकटीत प्रश्न, खाली दोन बटणं. सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?

तुम्हाला सांगतो, हसू नका, ह्या एका प्रश्नाने आमच्या घरात जे काही झालं ना…

थांबा, आधीपासून सांगतो. शाळेत वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे. म्हणजे काय, कुणी घेत नाही म्हणून माझ्याकडे. कुणाला पहिला तास नको, कुणाला शेवटचा नको, चित्रकलेच्या बाईंना दोन तास सलग हवेत, खेळाचे मास्तर म्हणतात जेवणानंतर मुलं पळत नाहीत, आणि दोन वर्ग एकाच खोलीत घुसले की सगळे माझ्याकडे बघतात. मग मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, हल्ली कॉम्प्युटर लावतो म्हणे वेळापत्रक. बघा ना तुम्ही." बघा ना तुम्ही! त्यांचं काय जातं म्हणायला?

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच. खालच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. ती खोली वहिनींची. माझ्या थोरल्या भावाची बायको, शिवणकाम करतात. एका बाजूला कापड बेतायचं लांब टेबल, एका बाजूला मशीन, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले कपडे, आणि मध्ये हा कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर कायम चिंध्यांचा ढीग. दादाने आणला होता तो. दादा म्हणजे माझा भाऊ. छापखान्यात होता. गेला मागच्या वर्षी… असो. त्याच्यावर येतोच.

तर मी पुतणीला फोन लावला. दादाची मुलगी, दूरच्या शहरात ह्याच कामात आहे. म्हटलं, बाई गं, वेळापत्रक. ती म्हणाली, "सोपं आहे काका. ती प्रोग्रॅमिंगची भाषा आपल्या कॉम्प्युटरवर आहेच, बाबांनी टाकलेली. तू फक्त एक मॉड्यूल बसव." आता मॉड्यूल म्हणजे काय, ते मी समजून घेतलं आणि तुम्हालाही सांगतो, घाबरू नका. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. आपल्याला भिंतीवर तसबीर लावायची आहे, तर आपण लाकूड तोडून शिडी बनवत बसतो का? शेजाऱ्याची आणतो. तशी ही शिडी. फुकट आहे, आणा आणि लावा. एवढंच! पण शेजारी कधी विचारतो का, शिडी तुमच्या घरात कुठे ठेवणार? दारामागे की जिन्याखाली? सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?

मी बटणावर बोट ठेवून थांबलो. आता तुम्ही म्हणाल, ह्यात थांबण्यासारखं काय आहे. सांगतो. आमचं घर एकत्र. आई-वडील होते तेव्हापासून. आमच्याकडे डब्यात शेवटचं बिस्किट असलं तरी त्याचे तुकडे होतात. लहानपणी मी एकदा रंगपेटीवर स्वतःचं नाव लिहिलं होतं तर वडील म्हणाले होते, "का रे, बाकीचे परके का?" अशा घरात वाढलेला माणूस, ह्या वयात, "फक्त माझ्यासाठी" असं बटण दाबेल? हात उचलेल का त्याचा?

तरी मी बायकोला हाक मारली. ती आली, हात पुसत, वाकून वाचलं. म्हणाली, "अहो, फक्त आपल्यासाठी काय? जाऊबाई पण वापरतात ना हा. बरं दिसतं का ते? सगळ्यांसाठी करा." बघा! म्हणजे मी एकट्याने नाही ठरवलं. घराने ठरवलं.

दाबलं. सगळ्यांसाठी.

आता तिथे गप्प बसावं की नाही? नाही. पुन्हा चौकट. "ह्या मॉड्यूलला अजून एक मॉड्यूल लागतं." बरं, आण. "त्याला अजून एक लागतं." म्हणजे पाहुणा एकच बोलावला, तर मागोमाग त्याचा मेहुणा, मेहुण्याची आत्या, आत्याच्या हातात बोचकं! आणि शेवटी काय विचारतो, "ह्यातलं एक ह्या जागी आधीपासून आहे, पण जुनं आहे. जुनं काढून नवीन ठेवू?" आता मला सांगा, ह्याला माणूस काय म्हणेल? जुनं काढून नवीन! कोण नाही म्हणेल? बायको म्हणाली, "काढा की." मी म्हटलं, काढ. सगळ्यांना नवीन मिळेल, त्यात वाईट काय?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेची पिशवी भरत होतो. वहिनी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. वहिनी कमी बोलतात. ओठांत नेहमी टाचण्या धरलेल्या, त्यामुळे घरात कुणी काही विचारलं की "हं" किंवा "अंहं", एवढ्यावर आमचं सगळं चालतं. त्या दिवशी टाचण्या काढून हातात घेतल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, आज हे काही बोलत नाहीत."

मला काही कळेना. म्हटलं, कोण?

"हे."

आणि खालच्या खोलीकडे बोट.

मग मला उमजलं. दादाने वहिनींसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. छापखान्यातून यायचा, जेवायचा, आणि ते जाडजूड पुस्तक उघडून बसायचा. कॉलेजचं तोंड न बघितलेला माणूस, चाळिशी ओलांडल्यावर ती भाषा शिकला. का? तर वहिनींना कापड बेतताना दर वेळी हिशोब करावा लागतो. छाती इतकी, खांदा इतका, तर तिरकस किती, गोलाई किती. तो म्हणायचा, "तू मापं सांग फक्त. बाकी हा करेल." मापं घातली की कॉम्प्युटर सगळे आकडे काढून द्यायचा, कागदावर आकृती छापून द्यायचा. आणि सुरू होताना पडद्यावर एक ओळ यायची. दादानेच घातलेली. "थांब जरा, मोजतोय." बस्स, एवढीच. तो घरात बोलायचा ना, अगदी तसं. वहिनींनी घाई केली की हात वर करून म्हणायचा, थांब जरा.

दादा गेल्यावर… आम्ही फोटो लावला भिंतीला, सगळं केलं. पण वहिनी फोटोकडे बघत नाहीत फारशा. रोज सकाळी कॉम्प्युटर लावतात, ती ओळ येते, मग मशीनवर बसतात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी कधी बोललं नाही, बोलायचं काय त्यात?

आणि त्या सकाळी ती ओळ नव्हती. लालभडक अक्षरं, वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. हे सापडत नाही, ते ओळखीचं नाही, अमुक आता नाही. वहिनी खुर्चीत बसून ते वाचत होत्या, एक एक शब्द, जसं काही त्यात कुठेतरी तो असेल.

मी शाळेत सांगितलं, आज येत नाही. काय सांगू कारण? ताप आहे म्हटलं. आणि होताच.

पुतणीला फोन. ती हसत फोनवर आली, "काय काका, लागलं वेळापत्रक?" मी म्हटलं, तुझ्या बाबांचा प्रोग्रॅम बंद पडला. ती हसायची थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तू ते बसवलंस कुठे?"

"सगळ्यांसाठी."

"म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागेत? अरे पण का?"

"सगळ्यांना वापरता यावं म्हणून!"

"सगळे म्हणजे कोण? त्या कॉम्प्युटरवर तू आणि आई!"

"मग तेच ना! सगळेच!"

आता तिने समजावलं, आणि तेही तुम्हाला सांगतो, कारण उद्या तुमच्यावरही वेळ येईल. दादाचा प्रोग्रॅम ज्या मॉड्यूलवर उभा होता, नेमकं तेच मी जुनं म्हणून काढलं होतं. नवीन आलं ते दिसायला तेच, पण त्याच्या खोड्या वेगळ्या. दादाचा प्रोग्रॅम त्याला जुन्या नावाने हाका मारतोय, आणि हे नवीन ढिम्म, साधी ओ देत नाही. आता मला सांगा, नवीन माणूस कामावर आला तर जुन्या माणसाची कामं आधी समजून घेतो की नाही? की आल्या आल्या म्हणतो, हे आता आमच्यात होत नाही? पण काय करता!

पुतणी म्हणाली, "काळजी करू नकोस. बाबांच्या प्रोग्रॅममध्ये पाच-सहा ओळी बदलल्या की झालं. मी इथे बसूनच करते." मला हायसं वाटलं. मी वहिनींना म्हटलं, बघा, सुटलं. वहिनी म्हणाल्या, "ओळी बदलायच्या म्हणजे? ह्यांनी लिहिलेल्या?"

"हो, थोड्याच."

"अंहं."

एवढंच. टाचण्याही नव्हत्या तोंडात. मी म्हटलं, वहिनी, दिसणार तेच, आकडे तेच, फक्त आतून… "भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांनी लिहिलंय ते लिहिलंय. त्याला कुणी हात लावायचा नाही. चालत नसेल तर नको चालू दे." आणि उठून मशीनवर जाऊन बसल्या. पण मशीन काही चालू केलं नाही. नुसत्या पाय पावडीवर टेकवून बसल्या.

तर आता धंदा काय? जुनं मॉड्यूल शोधा आणि परत आणा! काढताना एक बटण होतं, आणायला? कुठलं जुनं? त्याच्या किती आवृत्त्या! दादाने कुठली वापरली होती, हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं तो… मग पुतणी म्हणाली, "काका, बाबांच्या फाइलची तारीख बघ. त्या सुमाराला जी चालू होती तीच असणार." तारीख बघितली. ते दिवस आठवले मला. दादा सुट्टीच्या दिवशी दाढी न करता कॉम्प्युटरपुढे, आणि मधूनच टेबलावर हात आपटून ओरडणार, "आलं! आलं!" आम्ही धावत जाऊन बघतो तर पडद्यावर एक वाकडी रेघ.

सापडलं ते जुनं मॉड्यूल. मी ते आणलं. आणि आणल्यावर पुन्हा, तुम्हाला सांगतो, पुन्हा तीच चौकट! सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?

मला रडू यायचं बाकी होतं. सगळ्यांसाठी म्हणावं, तर आता नवीन निघून जाणार आणि माझं वेळापत्रक बोंबलणार. फक्त माझ्यासाठी म्हणावं, तर वहिनी ज्या नावाने कॉम्प्युटर उघडतात त्या खात्यात ते दिसणारच नाही! मी आणलं, माझ्याकडे ठेवलं, आणि ज्यांच्यासाठी आणलं त्या उपाशी! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर मी म्यान घेऊन दारोदार फिरत होतो.

मी पुतणीवर ओरडलो. ओरडलो खरा. म्हटलं, तुमच्या ह्या लोकांना एकत्र राहायला येत नाही का गं? एक जुना, एक नवा, दोघांनी एका घरात नांदायचं, जरा सांभाळून घ्यायचं, हे शिकवलं नाही का कुणी त्यांना? तर ती शांतपणे म्हणाली, "काका, तिसरा मार्ग आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला आपली वेगळी खोली करून द्यायची. बाबांच्या खोलीत बाबांचं जुनं, तुझ्या खोलीत तुझं नवं. घर एक, पण कुणी कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हणजे भांडणच नाही."

वेगळी खोली! ज्या घरात आजवर "वेगळं" हा शब्द कुणी उच्चारला नाही, तिथे! मी मान वर केली, तर दारात बायको उभी. म्हणाली, "अहो, लग्न होऊन आल्यापासून मी वेगळं काय सांगत होते?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

केली खोली. पुतणी फोनवर सांगतेय, मी टाइप करतोय, एक बिंदू चुकला की परत पहिल्यापासून. दादाचा प्रोग्रॅम उचलून तिथे ठेवला, शेजारी ते जुनं मॉड्यूल, त्याचे ते मेहुणे आणि आत्या सगळे जुने, ज्याच्या त्याच्या जागी. दादाच्या एका अक्षराला धक्का नाही. हाक मारली, वहिनी, बघा जरा.

वहिनी आल्या. उभ्याच राहिल्या. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला… काळाच… मी मनात म्हणतोय, दादा, चूक झाली रे, एकदा बोल… आणि आली ओळ.

"थांब जरा, मोजतोय."

मी वहिनींकडे बघितलं नाही. बघवेना. फोनवर पुतणी विचारतेय, "आलं? काका, आलं का?" बायकोने फोन घेतला आणि सांगितलं, आलं गं बाई, आलं.

आता इथे संपायला हवं होतं की नाही? पण पुतणी पडली ह्या कामातली. तिने तो प्रोग्रॅम आपल्याकडे मागवून घेतला होता आणि वाचत बसली होती. थोड्या वेळाने फोनच्या स्पीकरवरून तिचा आवाज, जरा चाचरत, "आई, रागावू नकोस, पण बाबांच्या हिशोबात एक चूक आहे. बाहीला. शिवणीसाठी जे कापड सोडायचं ना, ते त्यांनी दोनदा धरलंय. म्हणजे प्रत्येक बाही बोटभर जास्त लांब निघत असणार. इतकी वर्षं! एका ओळीचं काम आहे, ही एवढी एक दुरुस्त करू?"

मी म्हटलं, झालं! आता वहिनींना काय वाटेल!

वहिनींनी टेबलावरच्या टाचण्या एक एक उचलून ओठांत धरायला सुरुवात केली होती. थांबल्या. म्हणाल्या, "माहितीय मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"इतके खूश होते गं," वहिनी म्हणाल्या. "कागद छापून बाहेर आला तर असा दोन्ही हातांवर धरून आणला माझ्याकडे. काय सांगणार? म्हटलं, गिऱ्हाइकाचं मी हाताने कमी करून कापीन. घरातल्यांचं राहू दे ह्यांच्या हिशोबाने."

घरातल्यांचं राहू दे!

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे बघा… हे, हा हात बघा. ही बाही बघा, सोडली की कुठवर येते? पार बोटांपर्यंत! माझे सगळे शर्ट असे. इतकी वर्षं मी समजत होतो माझेच हात आखूड आहेत! वर्गात फळ्यावर लिहिताना बाही खडूच्या पुढे. मुलं मागून हसतात, मला वाटायचं नकाशा चुकला. आणि दादा! दादा तर तेव्हापासून कायम बाह्या दुमडूनच वावरला. आम्ही लोकांना कौतुकाने सांगायचो, छापखान्यातला माणूस, सदा कामाला तयार! कसला कामाला तयार? बिचारा रोज सकाळी स्वतःचीच चूक दुमडत होता, आणि त्याला कधी कळलं नाही.

फोनवर पुतणी म्हणाली, "आई, मला एक शिवून पाठवशील? काही कमी करू नकोस."

"हं," वहिनी म्हणाल्या.

झालं, असं आहे सगळं. माझ्या वेळापत्रकाला माझी वेगळी खोली मिळाली, आणि त्यात बसून त्याने पहिल्याच दिवशी चित्रकलेच्या बाई आणि खेळाचे मास्तर एकाच वर्गात घुसवले, ते सोडा. दादाच्या खोलीला आम्ही कुलूप घातलंय. तरी तो कॉम्प्युटर अधूनमधून विचारतोच वहिनींना, इथलं फार जुनं झालंय, नवीन देऊ का? वहिनी चष्मा वर करतात, नीट वाचतात, आणि "नको" दाबतात.

परवा त्यांनी मला नवीन शर्ट शिवला. घातला, आरशापुढे उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, आता तर कळलंय ना? सांगा की जाऊबाईंना, बोटभर आखूड करून देतील." मी एक बाही दुमडली, मग दुसरी दुमडली. म्हटलं, असू दे गं. आमच्याकडे सगळ्यांचे हात असेच आहेत.